माळावर एकट्या माणसाला उभारता येईल असा आडोसा (ऊन आणि वारं दोन्हीसाठी)

ढालगावकर | १० मार्च, रात्री ९:१०

मंडळी, सल्ला हवा आहे.

आमचं गाव कवठेमहांकाळ तालुक्यात, ढालगावच्या बाजूला. गावाभोवतीच्या माळावर पवनचक्क्या आहेत, त्यावरून वाऱ्याची कल्पना यावी. वडील (आम्ही त्यांना आबा म्हणतो) ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्या अकरा शेळ्या आहेत. सकाळी आठला माळावर नेतात, पाचला परत आणतात. माळावर सावली म्हणजे चार बोरी आणि एक वेडीवाकडी बाभळ. मागच्या एप्रिलमध्ये त्यांना ऊन लागलं, दोन दिवस दवाखान्यात होते. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मी पुण्यात, ते तिकडे.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगतो. छत्री दिली, ती दुसऱ्या दिवशी उलटी होऊन काड्या मोडल्या. मग ऑनलाइन एक झटक्यात उघडणारा छोटा तंबू मागवला. उघडतो खरा, पण मिटताना ती स्टीलची पट्टी आठाच्या आकड्यासारखी पिळावी लागते. आबांच्या हाताला ते जमेना, आणि आत बसलं तर भट्टी. शेवटी दहा बाय दहा फुटांचा घडीचा मंडप घेतला. तो तिसऱ्या दिवशी दुपारी उडाला आणि बोरीत जाऊन अडकला. दोन पाय वाकले. नशीब, आबा तेव्हा शेळ्यांमागे गेले होते.

माझ्या अटी अशा: एकट्या माणसाला उभारता यावा, वजन पाच किलोच्या आत असावं, शेळ्या पुढे सरकल्या की उचलून नेता यावा, आणि माळावर खुंटी नीट जात नाही, खाली मुरूम आहे. कोणी असं काही वापरलंय का?


सह्यवाट | १० मार्च, रात्री ९:४८

घडीचा मंडप विसरा. ट्रेकला आम्ही साधी ताडपत्री नेतो. एक कडा जमिनीला, दुसरी कडा दोन काठ्यांवर. वजन दीड किलो. वाऱ्याकडे पाठ करून लावायची.


मेधा_प | १० मार्च, रात्री १०:०५

राग मानू नका, पण ७४ व्या वर्षी माळावर जायलाच हवं का? अकरा शेळ्यांनी असं काय उत्पन्न मिळतं? घरी बसवा त्यांना. आडोशापेक्षा ते सोपं.


ढालगावकर | १० मार्च, रात्री १०:३१

मेधाताई, राग नाही. दवाखान्यातून आल्यावर आम्ही तेच केलं होतं. महिनाभर घरी बसवलं. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. सकाळी आठ वाजले की गोठ्याच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. आईच म्हणाली, "जाऊ दे त्यांना, शेळ्यांच्या मागं फिरतायत तोवर माणसात आहेत." उत्पन्नाचा प्रश्नच नाही.


एल्बेकाठची | ११ मार्च, पहाटे २:१५

मी हांबुर्गला असते. मेधाताईंचा प्रतिसाद आणि त्यावरचं उत्तर वाचून इथली एक गोष्ट आठवली.

इकडच्या उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यांवर वेताच्या मोठ्या झाकलेल्या खुर्च्या असतात, त्यांना 'श्ट्रांडकोर्ब' म्हणतात. किनाऱ्यावरची टोपली असा अर्थ. पाठ आणि दोन्ही बाजू बंद, डोक्यावर छत, पुढून उघडी. पहिली खुर्ची १८८२ साली रोस्टॉकचे बुरूड विल्हेल्म बार्टेलमान यांनी बनवली, ती संधिवात असलेल्या एका बाईंसाठी. त्यांना समुद्राकाठी बसायचं होतं, पण वारा सोसत नव्हता. त्यांना घरी बसवण्याऐवजी कोणीतरी त्यांच्यापुरता आडोसा विणून दिला. आज त्या खुर्च्या सगळ्या किनाऱ्यांवर आहेत.

आबांना ही खुर्ची उपयोगाची नाही, ती दोघातिघांनाही उचलत नाही. पण त्यातून एक गोष्ट घेता येईल. ती फिरवून ठेवतात, पाठ नेहमी वाऱ्याकडे. चारही बाजूंनी बंद तंबूची गरजच पडत नाही. एक पाठ आणि एक छत पुरतं.


स्थापत्यवाला | ११ मार्च, सकाळी ८:२०

मंडप का उडाला याचा हिशेब मांडतो, म्हणजे पुढचे पैसे वाचतील.

ताशी ३६ किमी वारा म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगाला हवेचा दाब चौरस मीटरमागे साधारण ६ किलो वजनाइतका भरतो. तुमचं छत सुमारे ९ चौरस मीटर. वारा खालून शिरला तर उचलणारा जोर ५० किलोच्या पुढे जाऊ शकतो. असे मंडप बहुधा १५-२० किलोचे असतात. चार पायांना काही बांधलं नसेल तर उडणार हे ठरलेलंच.

आणि वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वळवाच्या पावसाआधी जो झोत येतो तो ताशी ७० ला सहज पोचतो. तेव्हा तेच छत दोनशे किलोच्या वर उचलू पाहतं.

म्हणून उंची कमी ठेवा आणि छत लहान ठेवा. एका माणसाला ९ चौरस मीटर सावली कशाला हवी? ४ खूप झाली. दोरी उभी ओढू नका, लांब आणि तिरपी ताणा. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं असावं, नाहीतर वाऱ्याच्या दोन झटक्यांत उपटून येते.


पाखरू | ११ मार्च, सकाळी ९:०२

धागा वाचनखुणेत साठवला. आम्ही शनिवारी पाणवठ्यांवर पक्षी मोजायला जातो, आमचीही हीच अडचण आहे.


बाजारकर | ११ मार्च, दुपारी १:४०

मी आठवडी बाजारात कापडाचं दुकान लावतो. १८ वर्षं झाली, चार गावांचे चार बाजार. स्थापत्यवाला म्हणतात ते सोळा आणे खरं. आमच्याकडे घडीचा मंडप वापरणारे चारही पायांना वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन बांधतात. तरी वावटळ आली की सगळे आपापला पाय धरून उभे.

मी स्वतः जुनंच पाल लावतो. चार बांबू, वर ताडपत्री, चारी कोपऱ्यांना दोऱ्या. आणि एक सांगतो. ताडपत्रीच्या कडेला जी पितळी भोकं असतात त्यांना दोरी बांधू नका, दोन महिन्यांत फाटतात. कापडात गुळगुळीत खडा धरायचा, त्यावरून कापड मुरगाळायचं आणि खड्याच्या मागे दोरीची गाठ मारायची. कापड फाटेल पण गाठ सुटणार नाही. हे मला एका वयस्कर बोहारणीनं शिकवलं. तिचं अख्खं पाल असंच खड्यांवर उभं असायचं.


ढालगावकर | ११ मार्च, दुपारी २:१५

बाजारकर, खड्याची युक्ती आत्ताच घरच्या चादरीवर करून पाहिली. दोन्ही हातांनी ओढलं तरी हलली नाही! मनापासून आभार.

पाण्याचे कॅन मात्र जमणार नाहीत. माळावर पाणी नाही, आबा प्यायला पाच लिटर नेतात तेवढंच.


दिंडीतला_माउली | ११ मार्च, दुपारी ४:३०

ढालगावकर दादा, राम कृष्ण हरी. आळंदी ते पंढरपूर मी राहुट्या ठोकणाऱ्या पोरांबरोबर ट्रकमध्ये पुढे असतो. दिंडी मुक्कामाला पोचायच्या आत राहुट्या उभ्या हव्यात, आणि पहाटे पाडून पुन्हा ट्रकात. रोज नवी जमीन. सासवडला काळी माती, जेजुरीला दगड, वाल्ह्याला माळ. वारं तर जूनचं, त्याच्याशी कोण झुंजणार?

आमचे जुने माउली सांगायचे, राहुटी उभी करायला शिकण्याआधी पाडायला शिका. सोसाट्याचं वारं आलं की दोऱ्या सोडायच्या नाहीत, खुंट्यांना हात लावायचा नाही. मधला खांब काढायचा. कापड जागच्या जागी बसतं, दोऱ्यांनी धरलेलं असतं, उडत नाही. मग चौघं त्यावर बसून राहायचं. वारं गेलं की खांब घातला, राहुटी उभी. लोक घाबरून आधी दोऱ्या सोडतात, आणि तिथंच कापड हातातून जातं.

आबांचा आडोसा असाच करा. एक काठी ओढली की खाली बसला पाहिजे.


सह्यवाट | ११ मार्च, सायंकाळी ५:००

वा माउली. दहा वर्षं ट्रेक करतोय, हे कोणी सांगितलं नव्हतं.


वाळवंटी_नाशिककर | ११ मार्च, रात्री ८:१२

मी रियाधजवळ कामाला आहे. हिवाळ्यात सुट्टीला इथली कुटुंबं वाळवंटात तंबू टाकून राहतात. बहुतेक तंबू आता कापडी असतात, पण बदूंचा (वाळवंटातल्या भटक्या लोकांचा) जुना काळा तंबू जवळून पाहायचा योग आला. त्याला 'बैत अश-शअर' म्हणतात, म्हणजे केसांचं घर. शेळीच्या केसांच्या लांब पट्ट्या विणून एकमेकींना शिवलेल्या असतात. रंग काळा, तरी आत बरीच गार सावली मिळते, कारण वीण मोकळी असते आणि गरम हवा वरून निघून जाते. पाऊस आला की केस फुगतात आणि वीण घट्ट होते.

आकार पाहण्यासारखा आहे. लांबट, बुटका, दोऱ्या खूप लांब. पाठ वाऱ्याकडे. वारा दिशा बदलला तर पाठीची भिंत काढून दुसऱ्या बाजूला लावतात. एल्बेकाठचीताईंनी जर्मनीचं जे सांगितलं, तेच इथे.

शेळ्या आबांकडे आहेतच, पण अकरा शेळ्यांच्या केसांत तंबू व्हायला बरीच वर्षं लागतील. :)


ढालगावकर | ११ मार्च, रात्री ८:४०

हे आबांना फोनवर वाचून दाखवलं. खूप हसले. म्हणाले, "त्या नाशिककराला सांग, मी थांबायला तयार आहे."


गावडॉक्टर | ११ मार्च, रात्री १०:२०

थोडं वेगळं, पण याच धाग्यात सांगायला हवं. सावलीने सूर्याचा थेट मारा थांबतो, हवेचं तापमान उतरत नाही. बाहेर ४१ अंश असेल तर सावलीतली हवाही साधारण तेवढीच. त्यामुळे हवा खेळती हवी, घाम वाळला पाहिजे. बंद तंबूत घाम वाळत नाही, म्हणून तुमच्या आबांना त्यात भट्टी वाटली. त्यांनी तंबू नाकारला तो अगदी बरोबर.

बारा ते तीन शक्यतो बसून काढायचे. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी प्यायचं, सोबत मीठ-साखरेचं पाणी. अंग तापलंय, बोलणं असंबद्ध होतंय, तोल जातोय, असं दिसलं तर थांबायचं नाही. अंगावर पाणी, वारा आणि १०८ ला फोन. आबांच्या खिशात फोन असतो ना? आणि दुपारी एकदा कोणी त्यांना फोन करतं का?


ढालगावकर | ११ मार्च, रात्री १०:३५

डॉक्टर, फोन असतो. दुपारी मी करतो, एक वाजता. रेंज नसली तर शेजारच्या वस्तीवरच्या पोराला करतो.


रावेरची_केळी | १२ मार्च, सकाळी ७:१५

आमच्याकडे केळीच्या बागेभोवती शेवरी नाहीतर गजराज गवत लावतात, वाऱ्याने पानं फाटू नयेत म्हणून. भिंत का बांधत नाहीत? कारण भिंतीवरून वारा उडी मारून पलीकडे भोवरा करतो आणि भिंतीमागेच जास्त नुकसान होतं. निम्मं अंग मोकळं असलेली झाडांची रांग वाऱ्याला गाळते. वारा मंद होतो, भोवरा होत नाही, आणि रांगेच्या उंचीच्या दसपट अंतरापर्यंत फरक जाणवतो.

म्हणून मी म्हणेन, ताडपत्री नको, शेडनेट घ्या. हिरवी जाळी, ७५ टक्क्यांची. तीनचतुर्थांश ऊन अडतं आणि वारा थोडा आरपार जातो, म्हणून कापडाला हिसका कमी बसतो. वजन तर नगण्य.


सह्यवाट | १२ मार्च, सकाळी ९:३०

इथे मी असहमत. शेडनेटखाली बसलोय मी. भर दुपारी २५ टक्के ऊन अंगावर येतं म्हणजे कमी नाही. ताडपत्रीची सावली पूर्ण असते, वर चंदेरी असेल तर आणखी चांगली.


रावेरची_केळी | १२ मार्च, सकाळी ९:५५

पूर्ण सावली, आणि पूर्ण वाराही अंगावर. तो मंडप बोरीत का गेला?


स्थापत्यवाला | १२ मार्च, सकाळी १०:४०

दोघांचं जुळवता येईल. छताला जाळी दुहेरी घ्या, मधे वीतभर अंतर ठेवून. दोन थर मिळून ऊन नव्वद टक्क्यांच्या वर अडेल, आणि वरचा थर तापला तरी मधल्या हवेमुळे खाली झळ येणार नाही. पाठीच्या बाजूला एकेरी जाळी, वारा गाळायला.

आणखी एक. तुमच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. म्हणजे दुपारी सावली छताच्या खालीच पडेल, बाजूंची गरज नाही. तीननंतर ऊन पश्चिमेकडून येतं. दुपारचं वारं कुठून येतं तुमच्याकडे?


ढालगावकर | १२ मार्च, सकाळी ११:०५

पश्चिमेकडूनच! उन्हाळ्यात दुपारनंतर तिकडूनच सुटतं.


स्थापत्यवाला | १२ मार्च, सकाळी ११:१२

मग काम सोपं झालं. पश्चिमेची बाजू जमिनीपर्यंत उतरवा, पूर्वेची उचला. एकच उतार ऊन आणि वारं दोन्ही अडवेल.


कोकणचो_झील | १२ मार्च, दुपारी १२:५०

हेच तर इरलं! बांबूच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यात पानं भरलेली, डोक्यापासून पाठीवरून खाली उतरतं. भात लावताना माणूस ओणवा असतो आणि पाऊस-वारा पाठीवर. दोन्ही हात मोकळे. आजयेचां इरलां अजून आमच्या माळ्यार आसा. नंतर प्लास्टिकचे कागद आले आणि इरलं विणणारे हात गेले, याचं फार वाईट वाटतं.

उन्हासाठी कोणी हलकं इरलं केलं तर आबांना चालता चालताही सावली मिळेल.


अटलांटाकर | १२ मार्च, रात्री ९:३०

इकडे अमेरिकेत किनाऱ्यावरच्या छत्र्या वाऱ्याने उडून टोक लागून माणसं दगावली आहेत, म्हणून हा विषय फार गांभीर्याने घेतात. २०२४ साली अशा छत्र्यांसाठी मानक आलं, त्यात छत्री आणि तिची पकड ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किमी वाऱ्याला टिकली पाहिजे असं आहे.

वाळूत खुंटी राहत नाही म्हणून लोक रिकामी पिशवी नेतात, तिथेच वाळू भरतात आणि दोरीला बांधतात. नेताना वजन शून्य. ढालगावकर, तुमच्याकडे वाळू नाही, पण माळावर दगडांना काय तोटा?


बाजारकर | १२ मार्च, रात्री ९:४४

अटलांटाकर, लाखातलं बोललात. खताच्या रिकाम्या गोण्या. संपला प्रश्न.


मेधा_प | १३ मार्च, सकाळी ८:००

सगळा धागा पुन्हा वाचला. घरी बसवा म्हणाले ते मागे घेते. माझे वडील निवृत्तीनंतर घरात बसले आणि वर्षभरात खूप थकले, ते लिहिताना डोळ्यांसमोर आलं नाही. इथे मुंबईत शेडनेट वारावर मिळते, शिवून पाठवू का? माझ्याकडे मशीन आहे. कडेला दोरी घालून दुमडपट्टी मारली तर ताण सगळ्या कडेवर सारखा बसेल.


ढालगावकर | १३ मार्च, सकाळी ८:२५

ताई, काय बोलू? मापं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.


ढालगावकर | ९ एप्रिल, रात्री ९:५०

उशीर झाला, पण गुढीपाडव्याला गावी गेलो होतो, तेव्हा सगळं करून पाहिलं. सविस्तर सांगतो.

मेधाताईंची जाळी आली. आठ फूट बाय सहा फूट, वरच्या अर्ध्या भागात दुहेरी, कडेला नायलॉनची दोरी घालून शिवलेली. मी पश्चिमेची कडा खाली, पूर्वेची दोन काठ्यांवर, असं स्थापत्यवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे उभं करायला घेतलं. तासभर झटापट चालली होती. आबा लांबून बघत होते. तेवढ्यात मेंढरं घेऊन एक धनगर मामा आले. दरवर्षी या सुमाराला ते कोकणातून वर परततात, आबांची जुनी ओळख. त्यांनी घोड्यावरचं सामान उतरवलं, माझ्या काठ्या बघितल्या आणि म्हणाले, "एवढी उंच कुणासाठी? बसायचंय का उभं ऱ्हायचंय?"

मी पाच फुटांच्या काठ्या आणल्या होत्या. त्यांनी साडेतीन फुटांवर खूण केली. एक काठी आबांची रोजची, दुसरी तेवढीच वेगळी न्यायची. पश्चिमेच्या कडेवर त्यांनी जागचेच धोंडे रांगेने ठेवले, खुंटी नाहीच. पुढच्या दोन दोऱ्या दगड भरलेल्या गोण्यांना. माउलींनी सांगितलं तसं आबांनी काठी ओढून पाहिली, जाळी सपाट खाली बसली. परत उभी करायला त्यांना चार-पाच मिनिटं लागली. जाळी, दोरी, गोण्या आणि जादाची काठी मिळून तीन किलोच्या आत.

सह्यवाट, तुमचं म्हणणंही खरं निघालं. भर दुपारी जाळीतून थोडं ऊन येतंच, म्हणून आबा बारा ते तीन वर आपलं घोंगडं टाकतात. मामांनी सांगितलं, घोंगड्याला जाळीचा आधार आणि जाळीला घोंगड्याचं वजन.

एक अडचण राहिली आहे. सावली पडली की शेळ्या आत येऊन बसतात आणि आबा बाहेर.


गावडॉक्टर | ९ एप्रिल, रात्री १०:०२

शेळ्यांसाठी वेगळी जाळी घ्या. आबा आतच हवेत, एप्रिल अजून बाकी आहे.


मेधा_प | ९ एप्रिल, रात्री १०:१०

माप सांगा. या वेळी दहा बाय दहा पुरेल का अकरा जणींना?


ढालगावकर | १० एप्रिल, सकाळी ७:३०

आबांना विचारलं. म्हणतात, बारा बाय आठ सांग, दोन गाभण आहेत.